टाचेला अंगठा लावून

सासू न्हाणीत तोंडावर पाणी घेताना पडली, तेव्हा मला पहिली शंका आली ती दारूची.

सकाळची वेळ होती. मी चुलीवर पेज ढवळत होते. मागच्या बाजूला तांब्या आपटला आणि पाठोपाठ ती. जाऊन बघते तर न्हाणीच्या दगडावर आडवी पडलेली, केसांतून पाणी गळतंय. मी बगलेत हात घालून तिला उठवलं आणि उठवता उठवता तिच्या तोंडाचा वास घेतला. ते तिच्या लक्षात आलं.

"वास कसलो घेतंस गो?"

"काय नाय."

"माका दारू पाजूक तुजो बापूस इलो होतो?"

वास नव्हता. पण शंका घेतली त्यात माझं काही चुकलं असं मला वाटत नाही. दारूबंदी कागदावर होती. काजूच्या हंगामात कुठल्या घरामागून धूर येतो ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि पोटात दुखतं म्हणून घोट घेणाऱ्या म्हाताऱ्या मी पाहिल्या होत्या. सासू महिनाभर भिंतीला हात लावून चालत होती. विहिरीवरून डोक्यावर हंडा आणताना तर ती पायवाटेवरच बसली होती, हंड्यासकट. ज्या वाटेने ती लग्न झाल्यापासून पाणी आणत होती त्या वाटेवर. मग कुणाला काय वाटेल?

माझं लग्न होऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. गाव मालवणपासून होडीने खाडी ओलांडून जावं लागेल इतक्या अंतरावर. नवरा मुंबईला गिरणीत, गणपतीला आणि शिमग्याला यायचा. सासरे आधीच गेलेले. घरात सासू, मी आणि माझी अंगावर पिणारी मुलगी. घराखाली उतारावर आमची भाताची कुणगी, म्हणजे लहान लहान खाचरं. शेजारी चुलत सासऱ्यांचं घर. तिथली मोठी सून माझी चुलत जाऊ, पण वयाने माझ्या आईएवढी. दोन घरांच्या अंगणांमध्ये चिऱ्यांचा एक गडगा होता, कमरेइतका उंच. अंगणाला आमच्याकडे खळं म्हणतात. सासरे आणि त्यांचे भाऊ वेगळे झाले तेव्हा हे खळं पावलांनी मोजून वाटलं होतं. टाचेला अंगठा लावत एक माणूस चालला आणि पंचांनी पावलं मोजली. तेव्हापासून ते म्हणत, गडगा आमच्यात शिरलाय, आणि आम्ही म्हणत होतो, तुमच्याकडून आमच्यात शिरलाय.

दारूची शंका गेली त्या जागी दुसरी आली, ती जास्त वाईट. सासू ओहोटीला खाडीत कालवं काढायला जायची. एका दुपारी ती कालवं घेऊन आली, ओटीवरून माजघरात गेली, परत आली, आणि सारवलेल्या जमिनीवर तिच्या मागे लाल ठिपके. तळव्यात कालवाच्या शिंपेचा तुकडा घुसला होता, चांगला नखाएवढा. मी तो उपटून काढला. ती खळ्यात बांधलेल्या वासराकडे बघत होती. तिच्या तोंडावर सुरकुतीसुद्धा हलली नाही.

त्या दिवसापासून मी तिचं ताट वेगळं ठेवलं. मुलीला तिच्या मांडीवर द्यायचं बंद केलं. काही बोलले नाही. मग एकदा जेवताना तीच म्हणाली, "माका रगतपिती झाली असा वाटता तुका?"

"माका काय वाटाचा? तुमका काटो टोचलेलो कळणा नाय."

"मगे गावाक सांग. माका वेशीभायर झोपडी बांधून दी."

"डाक्टराक दाखवया. मगे झोपडीचा बघूया."

डॉक्टरकडे जायची मला घाई होती त्याला दुसरंही कारण होतं. जाऊ गडग्यापाशी येऊन गोड बोलायला लागली होती. "पोर ल्हान, काकीचा ह्या असा. येतल्या पावसात तुमची कुणगी आमीच लावतंव. भात काय आमी एकटे खातलंव?" कुळाचा कायदा नुकताच आला होता. कसणाऱ्याची जमीन होते असं पोरंसुद्धा बोलत. एकदा दुसऱ्याने आपल्या खाचरात पाय घातला की तलाठी कागदावर काय लिहील ते आम्हा बायकांना कोण सांगणार होतं? कुणगी मीच लावायला हवी होती. नांगराला माणूस मिळाला असता, लावणीला बायका आल्या असत्या, बदल्यात मी त्यांच्याकडे गेले असते. पण आषाढातल्या पावसात मुलीला बांधावर ठेवता येत नाही. तिला घरात सांभाळायला एकच माणूस होतं, आणि त्या माणसाला स्वतःचे पाय सांभाळता येत नव्हते.

मालवणात एक वयस्क डॉक्टर होता, मुंबईच्या इस्पितळात बरीच वर्षं काढून आलेला. त्याने सासूला बाकावर आडवं केलं आणि म्हणाला, "आजी, वर कौलांकडे बघा. टोचलं की सांगा." तो टाचणी घेऊन तळव्यावर टोचू लागला. सासू कौलं बघत गप्प.

"टोचतंय का?"

"तुमी टोचल्यार सांगतंय मां."

तो केव्हापासून टोचत होता. मग त्याने दोन दातांचा एक लोखंडी काटा आपटून गुणगुणता केला आणि तिच्या गुडघ्यावर ठेवला. तो तिला कळला. अंगठ्यावर ठेवला तर कळला नाही. शेवटी तिला उभं करून डोळे मिटायला सांगितले. तिने मिटले आणि ती सरळ त्याच्या अंगावर गेली. न्हाणीत ती का पडली ते मला तिथे कळलं. तोंडावर पाणी घेताना माणूस डोळे मिटतो. पण मी तसं दाखवलं नाही.

त्याने तिचे हात, पाठ, कानाच्या पाळ्या, कोपराच्या मागची शीर, सगळं चाचपून पाहिलं. चट्टा कुठे नव्हता. म्हणाला, "महारोग नाही." मी विचारलं, कशावरून? तेव्हा त्याने तिची लघवी मागितली, निळ्या औषधात थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरून उकळली. निळं होतं ते विटकरी झालं. "साखर आहे. साखरेने तळपायाच्या नसा मेल्यात."

लघवीतली साखर तळपायात कशी जाते ते मला पटेना. रंग बदलून दाखवणारे जत्रेत पण येतात. मी म्हटलं, "माझी पण उकळा."

सासू म्हणाली, "गो, लाज बाळग." पण डॉक्टरने उकळली. निळी ती निळीच राहिली. तेव्हा मी मानलं.

नसा परत जिवंत होतील का, हे विचारलं. तो म्हणाला, त्याची आशा धरू नका. पण तोल शिकवता येतो. पायाला जमीन कळत नसेल तर डोळ्यांनी, घोट्यांनी, मांड्यांनी ते काम थोडं थोडं उचलायचं. हे नुसतं बोलून तो थांबला नाही. स्वतः टेबल धरून चवड्यांवर उभा राहिला, मग टाचांवर, मग एका पायावर, मग एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावत टेबलाच्या कडेने चालला. एका पायावर तो चांगलाच डुलत होता.

सासू म्हणाली, "डाक्टर, तुमची पण उकळा."

तो हसला, मी नाही. एवढ्या लांब होडीने येऊन उभं राहायला शिकून जायचं, याला औषध म्हणायचं का, असं माझ्या मनात होतं. त्याने नियमही सांगितले. भात कमी, गूळ बंद. उजेड असेल तेव्हाच करायचं आणि हाताशी धरायला काहीतरी घट्ट हवंच. पायात चपला हव्यात. रोज कुणीतरी तळवे बघायचे. आणि हातात ओझं घेऊन चालायचं नाही, डोक्यावरही नाही. "चालताना पाय डोळ्यांना दिसले पाहिजेत." मी विचारलं, मूल? तो म्हणाला, मूल हेसुद्धा ओझंच.

परत येताना होडीत सासू म्हणाली, "गावात सांगशीत तर बघ." ते मला सांगायची गरज नव्हती. पायाची नस मेली म्हटलं की लोकांनी रगतपितीच ऐकली असती, आणि जाऊ दुसऱ्या दिवशी नांगर घेऊन आली असती.

घरात खांब होते, पण एकेकटे. धरून उभं राहता येई, चालता येत नसे. सरळ, कमरेइतका आणि न हलणारा असा आमच्याकडे तो गडगाच होता. सकाळी ऊन खळ्यात उतरलं की सासू चपला घालून गडग्याकडे जायची. तुळशीसमोर चपला, म्हणून पहिले काही दिवस ती तुळशीला पाठ करूनच चालायची. एक हात चिऱ्यांवर, नजर खाली, टाचेला अंगठा, टाचेला अंगठा. कोपऱ्यापर्यंत गेली की वळून परत. मग जागेवर उभी राहून चवडे, टाचा, एक पाय. मी ओटीवर तांदूळ पाखडत बसायची आणि बघायची.

काही दिवसांतच ती म्हणायला लागली, आता हात लावावा लागत नाही. मला खरं वाटेना. नजरेला हात वर दिसायचा, पण ती गडग्याला फारच चिकटून चालते असं मला वाटे. एकदा ती उठायच्या आधी मी चुलीतली राखोंडी चाळून गडग्याच्या वरच्या चिऱ्यांवर आणि कडेला पसरली. सासू येऊन चालली, परत आली, ऐटीत म्हणाली, "बघलंस? हात लावलंय नाय."

"कमर बघा."

लुगड्यावर कमरेपाशी राखेचा पट्टा होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत टेकत आल्याचा. तिने तो झटकला.

"पोलीस पाटील आसस तू?"

"तुमी पडल्यार माज्या चेडवाच्या अंगार पडतलात. माका बघूकच व्हया."

चेडू म्हणजे आमच्याकडे मुलगी. दुसऱ्या दिवसापासून सासू गडग्यापासून वीतभर लांब चालायला लागली, आणि डुलली की हात टेकायची. तो खरा हात होता. राख मी रोज पसरत राहिले.

ती राख आम्हाला भोवली. जाऊ पलीकडून सगळं बघत होती, हे मला कळायला हवं होतं. तिला दिसलं ते असं: म्हातारी रोज सकाळी गडग्याच्या कडेने टाचेला अंगठा लावून चालते, ओठ हलवते, आणि गडग्यावर पांढरी रेघ मारलेली असते. ओठ हलत होते ते देवाचं नाव घेताना. जाऊ एक दिवस गडग्याशी आली.

"काकी, किती भरली?"

"काय किती?"

"पावलां गो. सगळा खळा भरला काय अजून आमच्या वाट्यातला उरलां?"

सासूने माझ्याकडे पाहिलं. मी सांगू नका अशी मान हलवली. खरं सांगता येत नव्हतं, आणि खोटं पटकन सुचलं नाही. सासू म्हणाली, "माज्या खळ्यात मी चलतंय. तुका त्याचा काय?"

"चला, चला. मोजणीदाराक पण बोलवा. शिरा पडली त्या गडग्यार!" असा शाप देऊन ती आत गेली.

दुसऱ्या सकाळी गडग्यावर करवंदीची काटेरी शिरडी, म्हणजे वाळक्या डहाळ्या, पसरलेली होती. आमच्या बाजूलाही बरीच खाली ओघळली होती. सासू त्यातून चालून आली आणि नेहमीप्रमाणे ओटीवर बसली. संध्याकाळी मी तिचे तळवे बघायला चपला काढल्या तर एक चप्पल पायाला चिकटून आली. काटा चपलेच्या तळातून आत गेला होता, दिवसभर. पायाला सूज होती आणि ती मला सांगत होती की आज बरं चालले.

जाऊने ते काटे आमच्या बाजूला मुद्दाम टाकले की वाऱ्याने पडले? तिला पायाचं कळलं होतं का? मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. आजही मला सांगता येणार नाही. तेव्हा मात्र तिने ते मुद्दामच टाकले असं मी धरून चालले, तेच शहाणपणाचं होतं.

मालवणची फेरी पुन्हा झाली. डॉक्टरने जखम कापून धुतली आणि ती भरेपर्यंत पाय टेकायला बंदी केली. वैशाख असा गेला. सासू ओटीवर पाय वर करून बसलेली, आणि मी आकाशाकडे बघत. जाऊ गडग्यावरून विचारायची, "तरवो टाकलंस?" तरवा म्हणजे भाताची रोपं. मी टाकला होता. लावणार कोण, हे ती विचारत नव्हती, पण तेच विचारत होती.

जखम भरली तेव्हा पाऊस दारात होता. आता खळं नको आणि गडगाही नको. मी पडवीत एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत कमरेच्या उंचीवर वासा बांधला, सुंभाने घट्ट, आणि स्वतः लोंबकळून पाहिला. सासू त्या वाशाच्या कडेने चालायला लागली. बसून बसून मांड्यांतली ताकद गेली होती, पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. पण आता ती टेकत नव्हती. टेकायला काही नव्हतंच. वासा धरायचा किंवा सोडायचा.

मला अजून एक पाहायचं होतं. मी तांदूळ फडक्यात बांधून मुलीच्या वजनाचं गाठोडं केलं आणि म्हटलं, "ह्या घेऊन उंबरो ओलांडा."

तिने गाठोडं छातीशी धरलं, उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली. गाठोड्यावरून मान इकडे तिकडे करून तिने पाय शोधले. दिसेनात. तिने गाठोडं खाली ठेवलं.

"नाय जमाचा."

"मगे मी लावणीक कशी जाव?"

"चेडवाक उचलूक कित्याक व्हया? ता रांगता, मी बसान सरकतंय. भूक लागली तर मांडयेर घेवन पेज भरवतंय. फक्त माका जमनीवरसून एकट्यान उठूक येवक व्हया."

मला ते पळवाट काढल्यासारखं वाटलं. पण तिने ते करून दाखवायला घेतलं. जमिनीवर बसायचं, गुडघ्यावर यायचं, एक पाय पुढे, हात मांडीवर, उठायचं. बरेच दिवस ती अर्ध्यातून परत बसायची. मी हात दिला की शिव्या घालायची. मग एकदा उठली. मग रोज उठायला लागली.

लावणीच्या पहिल्या दिवशी मी तिला पडवीत मुलीजवळ बसवलं, चुलीतली आग विझवली, विळी आढ्याला टांगली, मागचं दार लावलं. पुढचं दार उजेडासाठी उघडं ठेवावं लागलं. त्या दाराबाहेर खळ्यात उतरायच्या दगडी पायऱ्या, पावसाने शेवाळलेल्या. मी म्हटलं, दाराकडे लक्ष ठेवा. ती म्हणाली, "जा गो. बायो वाट बघतत."

मी गेले. लावणीत मान वर करायची नसते, वळ, म्हणजे आपली रोपांची ओळ, मागे पडते. मी सारखी करत होते. पाठीवरचं इरलं मागे सारलं की पावसातून घराचं दार दिसायचं, काळं भोक. असंच एकदा पाहिलं तर आमच्या खळ्यातून कुणीतरी इरलं घेतलेलं पायऱ्यांकडे चाललं होतं. चालीवरून ओळखलं. जाऊ.

हातातली रोपं टाकून मी बांधावरून पळत सुटले. काय वाटत होतं ते नीट सांगता येणार नाही. मुलगी पडली असेल, सासू पडली असेल, आणि जाऊ ते गावभर सांगायला मोकळी झाली असेल, असं सगळं एकदम.

खळ्यात पोचले तर जाऊ पायऱ्यांखाली उभी. वर दारात सासू. मुलगी उंबऱ्यावर चढून बसली होती, आणि तिने पुढे येऊ नये म्हणून सासूने एक पाय उचलून दारात आडवा धरला होता, फाटकाच्या दांडीसारखा. दुसऱ्या पायावर ती उभी होती. एक हात चौकटीला. मुलीने तिची चप्पल दोन्ही हातांनी धरून तोंडात घातली होती.

"अगो, उचला तिका!" जाऊ ओरडत होती.

"उचलूक माका बंदी आसा. तू हय कित्याक इलंस ता सांग."

"पोर दारार दिसली म्हणान इलंय. काकी, एका पायार किती येळ उभी रवतलास?"

"तू घराक जायसर."

जाऊने माझ्याकडे पाहिलं, मग सासूच्या त्या खालच्या पायाकडे. तो थरथरत होता, पण जागेवर होता.

"म्हणजे खळ्यात पावलां टाकी होतास, ती ह्याच्यासाठी? मोजणी न्हय ती?"

"माका माजेच पाय कळणत नाय. तुजो गडगो मोजून काय करू?"

"आधी सांगूक काय झाल्लां?"

"तुका सांगूक? सांज होवच्या आधी कुडाळात कळला असता."

मी पायऱ्या चढून मुलीला उचललं, चप्पल तिच्या तोंडातून काढली आणि तिला आत पडवीत नेऊन ठेवलं. सासूने पाय खाली घेतला, वाशाला धरून आत आली, खाली बसली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "लावणी संपली?"

"नाय."

"मगे हय काय करतंस?"

दाराबाहेरून जाऊ म्हणाली, "तू जा गो. मी बसतंय हय घडीभर."

ती का बसते म्हणाली? काटे आठवले म्हणून, की आत घरात काय चाललंय ते बघायला? मी सासूकडे पाहिलं. तिने खांदे उडवले. "बसांदे. पायरेर बसांदे, भुतूर नको."

मी खाली गेले. माझी वळ इतर बायकांनी अर्धी लावून टाकली होती आणि त्यावरून टोमणेही झाले. मी वाकले. अधूनमधून इरलं मागे सारून वर बघत होतेच. जाऊ पायरीवर बसलेली दिसायची आणि तिच्या मागे दार. नंतर पाऊस असा वाढला की घरच दिसेनासं झालं. पुन्हा एकदा वर जाऊन यावं असं मनात आलं. गेले नाही. उजेड असेपर्यंत मोठं कुणगं लावून घ्यायचं होतं, आणि ते लावून झालं.